नवी १९११ डब्यातून काढली, आता ती चालेल का? कंपन्यांची तुलना नवख्याने कशी करायची

१९११ (हे एक पिस्तूल) घ्यायची ठरली की प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, कुठल्या कंपनीची डब्यातून काढल्या काढल्या न अडकता चालते? आणि उत्तरं पण ठरलेली असतात, एक जण म्हणतो माझी अमुक कंपनीची एकदाही अडकली नाही, दुसरा म्हणतो त्याच कंपनीची माझी दर मॅगझिनला (गोळ्या भरायची पेटी) अडकते, आणि बिचारा नवखा दोघांच्या मधे उभा. दोघंही खरं बोलत असतात हीच तर गंमत आहे. म्हणून मी इथे एक दोन तीन अशी रँकिंग देणार नाहीये, तुलना कशी करायची ते पायरी पायरीने सांगतो. परवाना, कायदा वगैरे तुमच्या तुमच्याकडे जे असेल ते आधी बघून घ्या, ते इथे धरलेलंच आहे.

आधी हे समजून घ्या की १९११ म्हणजे एका कंपनीची वस्तू नाही

जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, कोल्टने बनवलं, अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ ला स्वीकारलं. त्याच महिन्यात जी टेस्ट झाली तिच्यात ६००० गोळ्या झाडल्या, दर १०० गोळ्यांनंतर थंड व्हायला थोडा वेळ, दर १००० नंतर साफसफाई आणि तेल, आणि ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही, समोरच्या सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. हा आकडा लोक फार अभिमानाने सांगतात पण दोन गोष्टी विसरतात. एक, गोळी एकच होती, .४५ एसीपी मापाची, २३० ग्रेन वजनाची, गोल टोकाची पूर्ण धातूच्या आवरणाची, जिला बॉल म्हणतात. दोन, सैन्याच्या पिस्तुलाची फिटिंग आजच्यासारखी टाइट नसायची. पुढे दुसऱ्या महायुद्धात रेमिंग्टन रँड, इथाका, युनियन स्विच अँड सिग्नल अशा वेगवेगळ्या कारखान्यांनी तेच पिस्तूल बनवलं आणि एकाचा पार्ट दुसऱ्यात बसला पाहिजे अशी अटच होती. हलवलं की खुळखुळ आवाज यायचा, पण चिखलात पण चालायचं.

आजची बाजारातली १९११ तशी नाही. कोणी फिटिंग टाइट करतं, कोणी एक्स्ट्रॅक्टर (गोळीचं बूड धरून पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) बाहेरून लावतं, कोणी नळी साडेतीन इंचाची करतं, कोणी ९ एमएममध्ये काढतं, आणि सगळ्यांच्या डब्यावर लिहिलेलं असतं १९११. सरकारी मापाची सक्ती सैन्याच्या पिस्तुलांना होती, बाजारातल्यांना ती नाही, प्रत्येकाचं माप आपापलं. त्यामुळे "१९११ भरवशाची आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे, कुठली, कुठल्या मापाची, कुठल्या मॅगझिनबरोबर आणि कुठली गोळी, एवढं जोडलं की मग तो पूर्ण होतो.

पायरी १: सारखं सारख्याशी लावा

पाच इंची नळीची .४५, जिला गव्हर्नमेंट साइझ म्हणतात, ती मूळ माप. सव्वाचार इंचाची कमांडर पण बऱ्यापैकी चांगली चालते. साडेतीन किंवा तीन इंचाची आली की स्लाइडला (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे जायला जागा कमी, स्प्रिंग जास्त कडक, गोळी वर यायला वेळ कमी, म्हणजे चूक झाकायला जागाच उरत नाही. मग कोणी एका कंपनीची तीन इंची दुसऱ्या कंपनीच्या पाच इंचीशी लावून "बघा ही कंपनी बेकार" म्हणत असेल तर तो कंपनीची तुलना करतच नाहीये, नळीची करतोय. नवख्याने पहिली १९११ पाच इंचीच घ्यावी हे माझं सरळ मत, वाद घालायचा असेल त्याने घालावा.

पायरी २: कुठे अडकतं ते डोळ्याने ओळखायला शिका

हा भाग लांब होणार कारण सगळी मेख इथेच आहे. तुलना करताना "किती वेळा अडकली" हा आकडा फार काही सांगत नाही, "कशी अडकली" ते सांगतं.

गोळी मॅगझिनमधून निघते, आधी फ्रेमच्या (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) उतारावर आपटते, मग नळीच्या तोंडाच्या उतारावर, आणि तेवढ्यातच तिच्या बुडाची कड खालून सरकत एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली जाऊन बसते. म्हणजे गोळी नळीत जायच्या आधीच आकड्याने धरलेली असते. फार सुंदर रचना आहे, पण तीन माणसांनी एकमेकांच्या हातात टोपली देत जावी तसं आहे, एकाने उशीर केला की टोपली खाली.

गोळीचं टोक उतारावरच रुतून बसलं, नाक खाली, तर बहुतेक वेळा मॅगझिन. गोळी अर्धी आत, तिरकी, स्लाइड मध्येच थांबलेली, याला तीन ठिकाणी टेकलेला जॅम म्हणतात, इथे एक्स्ट्रॅक्टर फार कडक असू शकतो किंवा नळीचा उतार नीट काढलेला नसतो. स्लाइड जवळजवळ पूर्ण बंद पण शेवटचे दोन तीन मिलिमीटर राहिले आणि अंगठ्याने ढकललं की बंद होते, तर टाइट फिटिंग, कोरडेपणा किंवा परत एक्स्ट्रॅक्टर. रिकामी पुंगळी बाहेर जाता जाता स्लाइडमध्ये चिमणीसारखी उभी राहिली, स्टोव्हपाइप, तर एक्स्ट्रॅक्टर ढिला, किंवा गोळीत दम कमी, किंवा तुमचं मनगट ढिलं. मॅगझिनमध्ये गोळ्या असतानाच स्लाइड मागे अडकून राहिली तर वर चढणारी गोळी स्लाइड स्टॉपला (मॅगझिन संपलं की स्लाइड मागे अडकवणारा खटका) धक्का मारतेय किंवा तुमचाच अंगठा खालून त्याला उचलतोय, आणि खरं सांगू का, नवख्यांच्या बाबतीत बऱ्याचदा अंगठाच निघतो. आणि ट्रिगर दाबलाच जात नाही अशी तक्रार असेल तर पिस्तुलात काही नाही, अंगठा उंच धरल्यामुळे तळहात ग्रिप सेफ्टीवरून (मुठीच्या मागचा खटका, तो दाबलेला असला तरच ट्रिगर चालतो) उचलला जातोय.

आता माझीच गोष्ट. पहिली १९११ घेतली, कंपनीचं नाव सांगत नाही, तीन मॅगझिन होती, एक सोबत आलेलं आणि दोन वेगळी घेतलेली. पहिल्या दिवशी सात वेळा अडकली, सातही वेळा नाक खाली. दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत सुटलो की ही कंपनी घेऊ नका. मग रेंजवरच्या एका जुन्या माणसाने मॅगझिनच्या बुडावर नेलपॉलिशने नंबर टाकायला सांगितलं, एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. पुढच्या वेळेला चार वेळा अडकली, चारही वेळा दोन ठिपके. ते मॅगझिन हातात घेऊन नीट बघितलं तर एका बाजूचा ओठ (गोळी धरून ठेवणारी वरची वळलेली कड) दुसऱ्यापेक्षा जरासा जास्त उघडा, केसभर, दुसरं मॅगझिन शेजारी धरल्याशिवाय कळलंच नसतं. ते फेकलं, आणि ज्या पिस्तुलाला मी शिव्या घालत होतो ते आजतागायत तसंच चालतंय, ना एक पार्ट बदलला ना काही घासलं.

म्हणून पायरी दोनचं काम एवढंच की दुसऱ्याचा अनुभव वाचताना "अडकली" या शब्दावर थांबायचं आणि कशी ते शोधायचं. ते लिहिलंच नसेल तर तो अनुभव सोडून द्या.

पायरी ३: मॅगझिन वेगळं काढा

कंपन्यांची तुलना करायची तर सगळ्यांना एकच मॅगझिन द्या, नाहीतर तुम्ही मॅगझिनचीच तुलना करताय. ओठांचे साधारण तीन प्रकार आहेत. जुने सैन्याचे निमुळते ओठ, जे गोळी हळूहळू आणि उशिरा सोडतात, बॉल गोळीसाठी उत्तम. समांतर ओठ, जे गोळी लवकर आणि एकदम सोडतात, आखूड सपाट टोकाच्या टार्गेट गोळ्यांसाठी केलेले. आणि दोन्हीच्या मधले हायब्रिड, पोकळ टोकाच्या गोळीसाठी मला हेच बरे वाटतात. मूळ मॅगझिन सात गोळ्यांचं, आठवाली नंतर आली, आणि तेवढ्याच उंचीत आठवी कोंबली की स्प्रिंगला जागा कमी पडते, त्यात शेवटच्या एक दोन गोळ्या कुरकुर करतात. चांगल्या आठवाल्या आहेत, नाही असं नाही, विल्सन कॉम्बॅटची ४७डी तर कित्येक वर्षं लोक डोळे मिटून घेतात, मेक-गार ही इटालियन कंपनी तर कित्येक पिस्तूल कंपन्यांना मॅगझिन पुरवते. पण चालू मॅगझिन सातचं असेल तर उगाच एका गोळीसाठी बदलू नका.

पायरी ४: झाडायच्या आधी टेबलावर बघा

आधी रिकामं करा. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा, मग बोट घालून बघा. गोळ्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या खोलीत. पुढच्या सगळ्यासाठी डमी गोळी वापरायची, खरी नाही.

स्लाइड उतरवा, नळी काढा, आणि डमी गोळीचं बूड खालून एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवा. गोळी आपली आपण लटकून राहिली पाहिजे, हळूच हलवलं तरी पडायला नको, जोरात झटकलं तर पडली पाहिजे. लगेच गळून पडली तर ढिला, आत सरकवायलाच जोर लागत असेल तर कडक. आतल्या एक्स्ट्रॅक्टरची गोष्ट अशी की तो एकच लांब स्टीलची पट्टी आहे, स्वतःच स्प्रिंग आणि स्वतःच आकडा, त्यामुळे कोणीतरी हाताने वाकवून त्याचा ताण जमवावा लागतो. स्वस्त पिस्तुलात आणि महागड्या पिस्तुलात जो फरक असतो ना, त्यातला बराचसा इथे असतो, कारागिराने या पट्टीला किती मिनिटं दिली यात.

मग नळी फ्रेममध्ये ठेवून खाली आणि मागे दाबा आणि दोन उतारांच्या मधली फट बघा. फ्रेमच्या उताराचा वरचा काठ आणि नळीच्या उताराचा खालचा काठ यात साधारण ०.८ मिलिमीटरची पायरी पाहिजे, नळी जरा आत. नळीचा काठ फ्रेमच्या पुढे आलेला असेल तर गोळीचं नाक तिथे ठेच खाणारच. हे फक्त बघायचं, घासायचं नाही. नळीला आणि फ्रेमला मिळून सलग उतार करायचा म्हणून कानस घेऊन बसणारे मी बघितलेत, नंतर फ्रेमच बाद होते.

शेवटी पिस्तूल परत जोडून सेफ्टी. हॅमर (मागचा घोडा) ओढून सेफ्टी लावा, ट्रिगर दाबा, सोडा, सेफ्टी काढा, हॅमर हलता कामा नये. ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर दाबा, काही व्हायला नको. स्लाइड बोटभर मागे धरून ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तर रेंजवर न्यायचीच नाही, थेट परत.

पायरी ५: मोजून झाडा

डब्यातून काढलेल्या पिस्तुलावर गंजू नये म्हणून जे चिकट लावलेलं असतं ते तेल नव्हे. पुसून काढा आणि स्लाइडच्या खाचांना, नळीच्या बाहेरच्या बाजूला, बुशिंगच्या (नळीच्या तोंडाशी असलेली कडी) आत नीट तेल द्या. १९११ ला तेल जरा जास्तच लागतं, कोरडी चालवून तिला नावं ठेवू नका.

पहिल्या २०० गोळ्या फॅक्टरीच्या २३० ग्रेन बॉल, घरी भरलेल्या नकोत. त्यावर पास झाली की मगच तुम्हाला हवी ती पोकळ टोकाची गोळी, किमान १००. वहीत प्रत्येक मॅगझिनची एक ओळ, ठिपका कुठला, गोळी कुठली, कितव्या गोळीला अडकलं, कसं अडकलं. अर्ध्या गोळ्या शक्यतो दुसऱ्या कोणाकडून झाडून घ्या, तुमच्याच हातात अडकत असेल तर ते पण कळेल. डोळ्याला चष्मा, कानाला मफ हे सांगायला नको. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग स्लाइड ओढा. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, नुसताच फुस्स, तर पुढची गोळी अजिबात नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते, रिकामं करून नळीतून आरपार बघा.

काही टाइट पिस्तुलांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की पहिल्या ४००-५०० गोळ्या ब्रेक-इनच्या, म्हणजे पार्ट एकमेकांत रुळायच्या. यावर लोक चिडतात, एवढे पैसे मोजून वर ५०० गोळ्या मीच झाडू का. मला तो राग पटतो, पण कागदावर आधीच लिहिलेलं असेल तर त्या ५०० चा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. एकच लक्षात घ्या, टाइट फिटिंगने स्लाइड पूर्ण बंद न होणं हे ब्रेक-इनमध्ये सुटू शकतं, पण नाक खाली जाणं, पुंगळी न निघणं हे गोळ्या झाडून सुटत नाही.

आता गणित, सोपं आहे. एकदाही न अडकता तुम्ही जितक्या गोळ्या झाडल्या त्याने ३ ला भागा, तेवढा दर अजूनही लपलेला असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. १०० गोळ्या स्वच्छ गेल्या तर खरा दर अजून ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो, ३०० गेल्या तर १ टक्का, १००० गेल्या तर ०.३. म्हणजे कोणी "दोन मॅगझिन झाडल्या, मख्खन" म्हणाला तर त्याने १४ गोळ्या झाडल्या, त्याच्या पिस्तुलात दर पाचवी गोळी अडकत असती तरी १४ स्वच्छ जाणं अगदीच अशक्य नव्हतं. आणि एकाची ३०० मध्ये दोनदा अडकली, दुसऱ्याची ३०० मध्ये शून्य, यावरून कंपनीवर शिक्का मारता येत नाही, फरक तेवढा मोठाच नाहीये.

पायरी ६: आता कंपन्या

इथपर्यंत आलात तर यादी वाचायला हरकत नाही. यादी म्हणजे काय, कोणी कुठे काय बदललंय ते.

कोल्टमध्ये सिरीज ७० आणि सिरीज ८० हा शब्द सारखा येईल. ८० मध्ये फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारा जादा लिव्हर आहे, तो ट्रिगरने उचलला जातो. किंबरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आणि स्मिथ अँड वेसनमध्ये तेच काम ग्रिप सेफ्टीकडून होतं, तिथे ग्रिप अर्धवट दाबली आणि वेळ जुळलेली नसेल तर पिन अडू शकते, एवढं तपासा. स्प्रिंगफील्ड आणि रुगरने हा लिव्हर ठेवलाच नाही, हलकी टायटॅनियमची पिन घातली, पार्ट कमी, मला हा मार्ग आवडतो. रुगरची एसआर१९११ ही २०११ मध्ये आली, तिच्यात सेफ्टी आणि स्लाइड स्टॉपच्या मधली प्लंजर ट्यूब फ्रेमचाच भाग आहे, इतरांत ती वेगळी ठोकून बसवतात आणि कालांतराने ढिली होऊ शकते. बारीक गोष्ट, पण विचार केलेला दिसतो.

बाहेरचा एक्स्ट्रॅक्टर स्मिथ अँड वेसन आणि सिग सावर वापरतात, वेगळी स्प्रिंग असल्यामुळे हाताने वाकवायची भानगड नाही. किंबरने पण तो एकदा करून बघितला आणि नंतर आतल्यावर परत आले, म्हणजे बाहेरचा म्हणून आपोआप चांगला असं नाही, नीट केला तर चांगला.

स्वस्तात फिलिपिन्सची आर्मस्कोर, जिचं नाव रॉक आयलंड म्हणून चालतं, आणि तुर्कीची टिसास. यांची साधी जुन्या सैनिकी धाटणीची मॉडेल घ्या, ढिली असतात, बॉल गोळी मुकाट्याने खातात. निशाणा ठीकठाक, दिसायला पण ठीकठाक. त्याच कंपन्यांची नटवलेली मॉडेल मात्र आधी वरच्या पायऱ्यांतून काढा.

वर डॅन वेसन, जी आता कोल्टसारखीच सीझेड या चेक कंपनीच्या छत्राखाली आहे, आणि त्याच्याही वर विल्सन कॉम्बॅट, एड ब्राउन, नाइटहॉक, लेस बेअर. इथे तुम्ही माणसाच्या हाताचे पैसे देता, त्या एक्स्ट्रॅक्टरला दिलेल्या मिनिटांचे. पण नवख्याची फसगत इथेच होते, महाग म्हणजे पहिल्या दिवसापासून मऊ असं त्याला वाटतं. लेस बेअर तर मुद्दाम इतकी घट्ट बसवलेली असते की नवी असताना स्लाइड ओढताना दम लागतो, कारण ती अचूकतेसाठी बनवलीय. घट्टपणा आणि भरवसा एकाच दिशेला चालत नाहीत, कुशल कारागीर दोघांना एकत्र बांधतो, त्याचेच पैसे.

९ एमएमची १९११ घेत असाल तर माझं बोलणं थोडं सोडून द्या, गोळी आखूड, मॅगझिनमध्ये मागे जागा भरायला लागते, आणि तिथे प्रत्येक कंपनीने आपापला जुगाड केलाय. तिची तुलना फक्त ९ एमएमशीच करा.

पायरी ७: नापास झाली तर

आधी मॅगझिन बदला, मग गोळी बदला, मग झाडणारा बदला, याच क्रमाने, एका वेळी एकच. तिन्ही करूनही तसंच अडकत असेल तर घरात पॉलिश पेपर काढू नका, वॉरंटी जाते आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. कंपनीला पाठवताना नुसतं "जॅम होते" लिहू नका, वहीतली पानं झेरॉक्स करून टाका, कितव्या गोळीला, कसं, कुठल्या ठिपक्याच्या मॅगझिनमध्ये, आणि जमलं तर अडकलेल्या अवस्थेतला फोटो. मॅगझिन पण सोबत पाठवा, नाहीतर ते त्यांच्याकडचं लावून झाडतील आणि "आमच्याकडे नीट चालली" म्हणून परत पाठवतील. दुरुस्त होऊन आली की जुने आकडे धरायचे नाहीत, परत टेबल, परत डमी गोळी, आणि वहीत नवं पान, शून्यापासून.